खुणेचा शब्द

बशीर हमदुलेचे तीनशे दहा रियाल गेले
एका बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत.
सोहारच्या गोदामामागे, कंटेनरच्या हातभर सावलीत
तो आमटीभात कालवत होता,
आणि फोनवरचा माणूस इतक्या अदबीने बोलत होता
की बशीरने आधी हात धुतले
आणि मग आकडे सांगितले.

"आपलं कार्ड बंद पडतंय, साहेब."
साहेब!
बारा वर्षांत इथे त्याला कुणी साहेब म्हटलं नव्हतं.

रात्री खोलीत आम्ही सगळे त्याच्याभोवती बसलो
मय्यतीच्या घरी बसतात तसे.
एकाने चहा टाकला.
एक म्हणाला, "मी सांगतच होतो,"
त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

मग फोन माझ्या घरी गेला.
दाभोळला, झुलेखा ओट्यावर मासळी साफ करत असताना
माझाच आवाज तिच्या कानात रडला:
मला पकडलंय, पैसे पाठव, भाईला सांगू नकोस.
ती म्हणाली, "थांबा, हाताला खवलं लागलीत."
नळ सोडला. हात धुता धुता तिला आठवलं
की मी रडत बोलत नाही.
रडू आलं की मी फोन ठेवून देतो.

तर आम्ही दोघं एक शब्द ठरवायला बसलो,
शुक्रवारी, नमाजनंतर, पडद्यावर समोरासमोर.
जन्मतारीख? ती एजंटाकडे.
अम्मीचं नाव बँकेत.
गाव पासपोर्टवर, पासपोर्टच्या झेरॉक्सवर,
झेरॉक्सच्या फोटोवर, कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये.
बोटं विमानतळावर उमटवून आलो, डोळेही.
मानेवरचा तीळसुद्धा कुठल्याशा फॉर्मात लिहिलाय,
ओळखीची खूण म्हणून.
मग आपलं काय उरलं, झुलेखा,
ज्याची कुणी प्रत काढली नाही?

बराच वेळ ती नुसती दिसत राहिली.
मागे कोंबडी आली आणि गेली.

मग म्हणाली, तुम्ही पहिल्यांदा निघालात त्या रात्री
बॅग तीन किलो जास्त भरली होती.
तुम्ही गुपचूप एक वस्तू काढलीत
आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवलीत.
मला ती महिन्याने सापडली.
मी म्हटलं, कधी बोलली नाहीस.
ती म्हणाली, तुम्ही कुठे विचारलंत?

तेच ठरलं.

परवा वाळूचं वादळ झालं. घसा बसला,
माझा फोन मेला, म्हणून
फोरमन मुरुगेशनचा मागून घेतला, अम्मीच्या औषधाचं विचारायला.
नवा नंबर, घोगरा आवाज.
पलीकडून एवढंच: "डब्यामागे काय होतं?"
मुरुगेशन हात पुढे करून उभा,
चार माणसं कान देऊन.
जीभ उचलेना. म्हटलं, "अगं, मीच आहे."
"तसं तर सगळेच म्हणतात," ती म्हणाली
आणि फोन ठेवला.

मी तिथेच उन्हात हसत सुटलो.
मुरुगेशनने विचारलं, काय झालं, घरी कुणी नाही?
आहे, म्हटलं.
आतून कडी लावलीय.

बशीर कधी कधी विचारतो, खरंच काय होतं रे डब्यामागे?
मी सांगत नाही.
तो मान डोलावतो, "शाब्बास. मलाही सांगू नकोस."

त्याचे पैसे परत आले नाहीत.
पण आता फोन वाजला की तो उठतो,
मोरीत जातो, आणि साबण लावून हात धुतो,
कोपरापर्यंत, नखं घासून,
जेवत असो वा नसो.
तेवढ्यात बहुतेक फोन
आपोआप थांबतात.